साध्या सायकलला हब मोटर बसवताना एक्सल कसा पकडावा

हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या विजेच्या मोटरच्या, किटसोबत जो कागद येतो, त्यावर चाक बदला, वायरी जोडा आणि चालवा, इतकेच लिहिलेले असते. सल्ला देणारे बहुतेक जणही वायरींच्या रंगांविषयीच बोलत राहतात. वास्तविक वायरी जोडणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे, कारण हल्लीच्या बऱ्याच किटमध्ये बहुतेक जोडण्यांची पिन वेगळ्या आकाराची असते आणि ती चुकीच्या जागी सहसा बसतच नाही. कस लागतो तो मोटरचा एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, सायकलच्या सांगाड्यात असा पकडण्यात की तो केसभरही फिरणार नाही. त्यामुळे या लेखाचा बराचसा भाग त्या एका टप्प्यासाठी राखून ठेवला आहे.

सायकल आणि मोटर

सायकल पोलादी सांगाड्याची घ्यावी, याबाबत माझे मत ठाम आहे. नाशिकमध्ये सिडकोतून अंबडला किंवा गंगापूर रोडवरून सातपूरला रोज कामावर जाणाऱ्याकडे जी जुनी, मजबूत सायकल असते, तीच या कामासाठी उत्तम. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका असतो हे खरे, परंतु एक्सल जिथे बसतो ती खाच त्या धातूत लवकर फाकते आणि एकदा फाकली की पूर्ववत होत नाही. विकत घेण्यापूर्वी मागच्या चिमट्याची, म्हणजे चाक ज्या दोन बाजूंमध्ये बसते त्या भागाची, आतली रुंदी मोजावी. गिअरच्या बहुतेक सायकलींत ती १३५ मिलिमीटर असते आणि मागच्या चाकाच्या मोटरीही साधारणपणे त्याच मापाच्या येतात. जुन्या काळ्या सायकलींत ही रुंदी कमी भरते. पोलादी चिमटा जाणकार कारागिराकडून थोडा फाकवून घेता येतो, ॲल्युमिनियमचा मात्र कधीही फाकवू नये.

मोटर २५० वॅट, ३६ व्होल्टची आणि आत गिअर असलेली घ्यावी. ती आकाराने लहान असते, आणि तिच्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असल्यामुळे बॅटरी संपली तरी सायकल जड न होता पायडल मारता येते. हजार वॅटची मोटर सुचवणाऱ्यांचे ऐकू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये अशा सायकलींसाठी घातलेली मर्यादा २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर अशी आहे. त्यापलीकडचे वाहन मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, विमा व परवान्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय सायकलचे ब्रेक, रिम आणि चिमटा हजार वॅटसाठी बनवलेलेच नसतात.

मोटर मागच्या चाकातच बसवावी. पुढच्या चाकात बसवणे सोपे असते, आणि म्हणूनच दुकानदार तो मार्ग सुचवतात. परंतु पुढच्या चिमट्याच्या खाचा खालच्या बाजूने उघड्या असतात. तिथे एक्सल फिरला आणि नट सैल झाले, तर चाक चालत्या सायकलखालून निसटते आणि चालवणारा तोंडावर आपटतो. मागे तोच बिघाड झाला तर बहुधा वायरी तुटतात आणि सायकल थांबते. या दोन परिणामांत इतके अंतर आहे की वाचलेल्या अर्ध्या तासाचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

एक्सल पकडणे

साध्या चाकाचा एक्सल केवळ वजन पेलतो. हब मोटरचा एक्सल याच्या उलट मोटरची संपूर्ण ताकद सहन करतो, कारण मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते, तितक्याच जोराने ती स्वतःच्या एक्सलला मागे फिरवू पाहते. हा एक्सल १२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या दोन बाजू घासून सपाट केलेल्या असतात. त्या सपाट बाजूंमधील अंतर १० मिलिमीटर असते. खाचेच्या कडा या दोन बाजूंना अडवतात, म्हणून एक्सल फिरत नाही. आता हिशेब पाहा. लहान मोटरही चढावर ३० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. हा पीळ जेमतेम एक सेंटिमीटर अंतरावर अडवायचा असल्यामुळे खाचेच्या कडांवर सुमारे ३०० किलो वजनाइतका दाब येतो, आणि तोही प्रत्येक वेळी मोटर सुरू होताना झटक्याने. नट कितीही आवळला तरी केवळ त्याच्या घर्षणावर हा दाब थोपवून धरण्याची अपेक्षा चुकीची आहे. ‘नट घट्ट आवळा, बाकी काही लागत नाही’ हा सल्ला मी ऐकतो, तेव्हा तो देणाऱ्याने एकही मोटर वर्षभर चालवून पाहिलेली नाही, हे मला कळते.

एक्सल फिरला तर आणखी एक नुकसान होते. मोटरच्या वायरी, म्हणजे तीन जाड आणि पाच बारीक, एक्सलच्या पोकळ टोकातूनच बाहेर येतात. एक्सलने अर्धा फेरा घेतला तरी त्या नटाभोवती गुंडाळल्या जाऊन त्यांचे आवरण सोलले जाते. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना चिकटल्या की कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, जळतो.

सुरुवातीच्या काळात मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच टप्प्याशी, कारण किटमध्ये आलेली पीळ-रोधक पट्टी पातळ पत्र्याची होती आणि तिचे छिद्र एक्सलवर सैल बसत होते. ही पट्टी काय करते ते समजून घेतले की सैलपणा का चालत नाही हेही समजते. पट्टीचे एक टोक एक्सलच्या सपाट बाजूंवर बसते आणि दुसरे टोक एक्सलपासून दहा सेंटिमीटरवर सांगाड्याच्या नळीला टेकते. जो पीळ एक सेंटिमीटरवर ३०० किलोंचा दाब देत होता, तोच दहा सेंटिमीटरवर अवघा ३० किलोंचा उरतो, आणि तेवढा दाब पोलादी नळी सहज सोसते. मात्र छिद्र १०.३ मिलिमीटरचे असेल, तर पट्टी कामाला लागण्याआधीच एक्सल थोडा हलतो. प्रत्येक झटक्याला तो थोडा थोडा हलला, की सपाट बाजूंचे कोपरे झिजून गोल होतात. एकदा कोपरे गोल झाले की कोणतीही पट्टी त्यांना धरू शकत नाही.

नाशिककरांना यावर जो उपाय जवळ आहे तो सगळ्याच गावांत नसतो. अंबड आणि सातपूर येथील औद्योगिक वसाहतींत पत्रा आणि प्लेट कापून देणारे अनेक लहान कारखाने आहेत. ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटमधून पट्टी कापून घ्यावी. छिद्र एक्सलच्या आकाराचे, म्हणजे दोन बाजूंनी सपाट आणि दोन बाजूंनी गोल, सांगावे आणि सपाट बाजूंमधील अंतर मुद्दाम ९.९ मिलिमीटर ठेवायला लावावे. उरलेला अंश घरी बारीक कानशीने, दर दोन-तीन घाशांनंतर एक्सलवर लावून पाहत काढावा. पट्टी हाताने ढकलून न बसता लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसली म्हणजे माप बरोबर आले. अशा दोन पट्ट्या, दोन्ही बाजूंसाठी, करून घ्याव्यात. एका बाजूने भागते असे म्हणणारे पुष्कळ आहेत, पण दुसऱ्या पट्टीचा खर्च एका कंट्रोलरच्या किमतीपुढे काहीच नाही.

पट्टी कोणत्या बाजूने टेकवायची, हे क्वचितच कोणी सांगते. चाक पुढे जाताना एक्सल उलट्या दिशेने फिरू पाहतो, त्यामुळे एक्सलपासून पुढे, पायडलच्या दिशेने गेलेल्या पट्टीचे टोक वर उचलले जाते. म्हणून ती खालच्या आडव्या नळीच्या खालून आली पाहिजे, म्हणजे मोटर जितका जोर लावेल तितकी पट्टी नळीवर दाबली जाईल आणि जुबली क्लिपला, म्हणजे नळीभोवती स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या कड्याला, केवळ तिला जागेवर ठेवण्याचे काम उरेल. पट्टी नळीच्या वरून लावली, तर सगळा भार त्या पातळ क्लिपवर येतो आणि ती पहिल्या पावसाळ्यानंतर गंजून तुटते. नळी आणि पट्टी यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा घालू नये. रबर दबते, आणि जो सैलपणा आपण कानशीने घालवला तो त्या वाटेने परत येतो.

खाचेच्या दोन्ही तोंडांवरचा रंग आधी खरवडून काढावा. रंगाचा थर नटाखाली हळूहळू चिरडला जातो आणि आज घट्ट असलेला नट आठवडाभरात सैल होतो. खाच किंचित अरुंद असेल, तर तीही कानशीनेच, व्हर्निअरने मोजत, सरळ रेषेत घासावी. ग्राइंडर लावू देऊ नये, कारण त्याने कडा तिरप्या होतात आणि सपाट बाजू कडेला पूर्ण न टेकता एका बिंदूवर टेकते. पट्टी किंवा एक्सल सायकलला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्या कारागिराला तर स्पष्ट नकार द्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने वायरींचे आवरण आणि आतले सेन्सर दोन्ही खराब होतात, आणि पुढे पंक्चर काढायचे तर चाक निघतच नाही.

आता क्रम. आतल्या बाजूने दात असलेला वायसर, त्याचा दात खाचेत बसेल असा ठेवावा. त्यानंतर चिमट्याची खाच, तिच्या बाहेर आपली पट्टी, मग साधा वायसर आणि शेवटी नट. वायरींचे टोक खाली तोंड करून बाहेर आले पाहिजे. नट १८ किंवा १९ नंबरच्या पान्याने, दोन्ही बाजू आळीपाळीने, ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. आवळण्याचा जोर मोजणारा पाना नसेल, तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा. आवळून झाल्यावर नट आणि पट्टी या दोहोंवरून जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढे कधीही ही रेघ तुटलेली दिसली तर सायकल त्याच जागी थांबवावी आणि मोटर बंद करून घरी न्यावी.

बॅटरी आणि वायरी

बॅटरी लिथियमची, ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची घ्यावी. अशा बॅटरीत १० सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते, म्हणून चार्जरही ४२ व्होल्टचाच हवा. दुसऱ्या वाहनाचा चार्जर ‘पिन बसते’ म्हणून लावू नये. सोबत पायडल मारत राहिल्यास २५ ते ३० किलोमीटरचे अंतर सहज निघते. बॅटरी कॅरिअरवर न ठेवता सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात बसवावी. सेलवर कंपनीचे नाव नसलेली, चिकटपट्टीत गुंडाळलेली स्वस्त बॅटरी कितीही आग्रह झाला तरी घेऊ नये, आणि कोणतीही बॅटरी जिन्याखाली किंवा झोपण्याच्या खोलीत चार्ज करू नये.

वायरींबाबत एवढेच पुरे आहे की मोटरची वायर एक्सलपासून आधी खाली उतरवावी आणि मग वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत एक्सलच्या पोकळीत न शिरता खालच्या वळणावरून गळून पडेल. कंट्रोलरची वायरी निघणारी बाजूही खाली ठेवावी. मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर किटसोबत येतात, ते गैरसोयीचे वाटले तरी बसवावेत.

चाचणी आणि नंतरची काळजी

मागचे चाक उचलून धरून मोटर हळूच सुरू करावी. ब्रेक दाबताच ती थांबली पाहिजे, आणि हे घडल्याशिवाय सायकल रस्त्यावर नेऊ नये. पहिली फेरी सपाट रस्त्यावर मारावी आणि परत आल्याबरोबर नट पुन्हा आवळून पाहावेत, कारण नवे वायसर पहिल्या फेरीतच थोडे बसतात. आठवड्याने पुन्हा आवळावेत आणि त्यानंतर महिन्यातून एकदा रेघ तपासावी.

त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरीकडे जाताना चढ लागला की पायडल मारणे सोडू नये. वेग फार खाली आला की मोटर वीज जास्त खाते, काम कमी करते आणि तापते, आणि त्या उष्णतेत तिच्या आतले नायलॉनचे गिअर लवकर झिजतात. पावसाळ्यात चाकाचा मधला भाग बुडेल इतक्या पाण्यातून सायकल घालू नये आणि धुताना मोटरवर दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नये.

पंक्चर झाले तर चाक न काढता, टायरची एक बाजू उतरवून ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावायला सांगावे. चाक काढावेच लागले, तर आधी वायसर आणि पट्टी यांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवावा, कारण पंक्चरवाल्याच्या दृष्टीने ती पट्टी म्हणजे एक जास्तीचा तुकडा असतो. चाक परत बसल्यावर दात असलेला वायसर आतल्या बाजूला आहे का आणि पट्टी नळीच्या खालूनच आली आहे का, हे स्वतः वाकून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.