खाणं सुधारायला निघालात? मग या चुका टाळा

गूळ म्हणजे साखर नाही, हे ज्यानं कुणी लोकांच्या डोक्यात भरवलं त्यानं आमच्याकडच्या शुगरवाल्यांचं लई नुकसान केलंय. लातूर घ्या, परभणी घ्या, गुळाच्या चहाच्या पाट्या सगळीकडं लागल्यात आणि शुगर असलेले लोक तिथं उभं राहून दोन-दोन कप घ्यायलेत, का तर "गुळाचाय ना, काय होत नाही". होतं. गुळात बहुतेक साखरच असते. थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं, पण एका कपात गूळ पडतो चमचाभर, त्यातून लोह ते किती मिळणार? शुगर मात्र वाढतेच.

आमच्या नात्यातल्या एका काकांचं सांगते. शुगरची गोळी चालू होती. साखर सोडली म्हणून सगळ्या घराला सांगितलं आणि गुळाचा चहा सुरू केला. आधी सकाळ-संध्याकाळ कपभर चहा असायचा, तो गुळाचा झाल्यापासून कुणी आलं की चहा, शेतातून आलं की चहा, वर जेवण झालं की पचनाला म्हणून गुळाचा खडा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे शुगरची रक्ततपासणी केली तर आधीपेक्षा वाढलेली. काका लॅबवरच चिडले, दुसऱ्या लॅबमध्ये केली, तिथंही जवळपास तेवढीच. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगते, आदल्या रात्री उपाशी राहून ती बदलत नाही. मी काकूंना एवढंच विचारलं की गुळाची ढेप कधी आणली होती आणि उरलीय किती. काकू आत जाऊन बघून आल्या आणि काकांकडं बघतच राहिल्या.

काकांना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कप लहान घ्या, चहा दोनदाच, आणि गोड एकदम बंद न करता दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा, जिभेला सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं वरून घातलेलं गोड, म्हणजे साखर, गूळ, मध सगळं धरून, दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम, म्हणजे साधारण ६ चमचे. आणि गोळी स्वतःच्या मनानं कमी करू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

दुसरी चूक तरण्या पोरापोरींची. सोमवारपासून सगळं बंद! भाकर बंद, भात बंद, रात्री नुसती काकडी आणि सकाळी पाकिटातले मसाला ओट्स, ज्यात मीठ किती आहे ते कुणी बघत नाही. गुरुवारपर्यंत टिकतं आणि शुक्रवारी वडापावच्या गाड्यावर सगळी भरपाई. एवढी घाई कामून करता? जी सवय लागायला वर्षं गेली ती आठवड्यात कशी जाईल? १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि प्रोटीनही जवळपास तेवढंच. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण दिलंय आणि आपली पोरं भाकर सोडून महागाचे डबे मागवायलेत, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

पण भाकर खाल्ली म्हणजे झालं, असंही नाही. तीन भाकरी आणि ठेचा, हे जेवण पोट भरतं पण पुरत नाही. मी ताटात आधी माळवं, म्हणजे भाजी वाढते, मग वरण किंवा मटकीची उसळ, आणि भाकर शेवटी, म्हणजे दुसरी भाकर लागेलच असं नाही. चिवळ, घोळ, तांदुळजा, अंबाडी अशा पालेभाज्या, ज्या दिवसांत जे मिळतं ते आणा.

बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाच्या ओंब्यांचं चित्र बघून घेऊ नका, मागची यादी वाचा, जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तिथं मैदा असतो.

जेवणावर लगेच चहा नको, जेवणातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्यानं फायदा होतो.

गव्हाचं पीठ चाळून कोंडा टाकू नका.

उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, वर तळलेले बटाट्याचे वेफर्स. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी, सोबत ताक. पण भगरीचं सुटं पीठ विकत आणू नका, आपल्या भागात त्यातून विषबाधा झालेल्या आहेत. भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा आणि लागेल तेवढीच दळा.

घरातली बाई सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं खाते, ही तर चूक म्हणून कुणी धरतच नाही. सगळ्यांना वरण आणि तिला खाली राहिलेलं पाणी. ॲनिमियाच्या गोळ्या तिला आणून द्यायच्या आणि तिच्या वाटचं वरण मात्र बाजूला काढायचं नाही, हे बंद करा, सगळे सोबत जेवायला बसा.

आणि तेल. "आम्ही कमीच खातो" असं सगळेच म्हणतात, मोजत कुणी नाही. माणशी दिवसाला ४-५ लहान चमचे धरले तरी चौघांच्या घरात १५ किलोचा डबा पाच महिने जायला पाहिजे. तुमच्याकडं दोन महिन्यांत संपतो का? मी डबा फोडला की त्यावर मार्करनं तारीख टाकते, मग घरात वादच राहत नाही. कढईत एकदम ओतायचं नाही, चमच्यानं घालायचं, आणि तळणाचं काळं पडलेलं तेल पुन्हा फोडणीला अजिबात वापरायचं नाही, कितीही जीवावर आलं तरी.