तीन इंची दुर्बिणीतून कामाचा डेटा कसा काढायचा

दुर्बीण घेतली की पहिल्या महिन्यात चंद्र, शनीची कडी, गुरूचे चंद्र सगळं बघून होतं आणि मग ती कपाटामागे जाते, माझी दोन वर्षं तिथेच होती. तिला परत कामाला लावायचं असेल तर रूपविकारी तारे मोजा, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं असे.

आता कोणी म्हणेल हबल अवकाश दुर्बिणीच्या जमान्यात आपल्या नळीला कोण विचारतंय. तर हबलनेच विचारलंय, काही तारे अचानक भडकतात आणि त्या भडकण्याने हबलचा एक नाजूक डिटेक्टर खराब होऊ शकतो, म्हणून तिकडे वळवण्याआधी हौशी लोकांकडून तारा शांत आहे ना हे बघून घेतलं होतं. आणि आताच्या बांगलादेशातल्या जेसोरजवळच्या बागचर गावातले राधागोविंद चंद्र, सरकारी खजिन्यात नोकरी, सुरुवात तीन इंची दुर्बिणीने, त्यांनी आयुष्यात ३७,०००च्या वर नोंदी अमेरिकेत पाठवल्या!

सुरुवात तिमिंगल तारकासमूहातल्या मिरा ताऱ्यापासून करा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी मृगाच्या पश्चिमेला मिळतो, साधारण ३३२ दिवसांचं चक्र, कधी नुसत्या डोळ्यांनी दिसतो तर कधी नवव्या प्रतीपर्यंत उतरतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद). एवढ्या संथ ताऱ्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायला मोठ्या वेधशाळांकडे वेळ कुठून येणार.

एएव्हीएसओ म्हणून रूपविकारी तारे मोजणाऱ्यांची १९११ पासूनची अमेरिकन संस्था आहे, तिच्या साइटवर ताऱ्याचं नाव टाकलं की त्याच्या आजूबाजूच्या आकाशाचा चार्ट फुकट मिळतो. आजूबाजूच्या ताऱ्यांवर ६८, ७३ असे आकडे असतात, ते ६.८ आणि ७.३ प्रत समजायचे, टिंब मुद्दाम देत नाहीत कारण टिंबालाच तारा समजून बसतो माणूस. न्यूटोनियन म्हणजे आरशाची दुर्बीण असेल तर चित्र उलटं दिसतं, डायगोनल (आयपीसआधीचा तिरका आरसा) लावलेल्या रिफ्रॅक्टरमध्ये, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीत, डावंउजवं बदलतं, तसाच चार्ट काढा. मी पहिले तीन आठवडे शेजारचाच तारा मोजत होतो, तेज काही हलेना म्हणून खूश.

मग मोजायचं कसं, तर एक तारा मिरापेक्षा जरा तेजस्वी आणि एक जरा मंद असा निवडा. समजा ६८ आणि ७३च्या मधे आहे पण ६८कडे झुकतोय, तर ७.० लिहा, झालं. मिरा लालसर आहे, टक लावून बघितलं की तो उगाच तेजस्वी वाटायला लागतो, म्हणून चटकन नजर टाकायची आणि काढायची, किंवा फोकस किंचित बिघडवून सगळे ठिपके सारखे पसरट करायचे. डोळ्यांना आधी वीसेक मिनिटं अंधार द्या, मोबाइल खिशात. मागचा आकडा बघायचा नाही, नाहीतर मन तोच परत सांगतं.

वहीत तारीख, वेळ, आकडा, वापरलेले दोन तारे आणि चार्टचा नंबर. वेळ पाठवताना साडेपाच तास वजा करा, म्हणजे जागतिक वेळ होते. तारा दिसलाच नाही तर जो सगळ्यात मंद तारा दिसला त्याच्यापेक्षा मंद अशी नोंद करा, तीही चालते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगच, त्या महिन्यांत खाडा पडणार हे धरून चाला.

साइटवर नोंद टाकली की ताऱ्याच्या आलेखात जगभरच्या ठिपक्यांत आपला ठिपका दिसतो. फारच लांब पडला असेल तर तारा चुकला का ते चार्टवर तपासा, आणि नसेल चुकला तर आकडा बदलू नका, राहू द्या तसाच.