कुलूप घेण्याआधी चौकट बघा

दार फोडणारा सहसा कुलपाशी खेळत बसत नाही. तो लाथ घालतो नाहीतर फटीत पहार सारतो. कुलूप शाबूत राहतं, चौकट फाटते. कुलपाचा बोल्ट, म्हणजे बाहेर सरकणारा दांडा, ज्या पट्टीत शिरतो ती स्ट्राइक प्लेट अनेकदा 15-20 मिमीच्या दोन स्क्रूंवर तग धरून असते. ते काढा, जाड पोलादी पट्टी घ्या आणि 75 मिमीचे चार स्क्रू वापरा. 5 मिमीच्या स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. चौकटच हलत असेल तर आधी ती भिंतीत अँकरने पक्की करा.

आता कुलूप. दार ओढलं की आपोआप लागणारा साधा लॅच सोयीचा, पण त्याची जीभ तिरकी असते. फटीतून प्लॅस्टिकचं कार्ड सरकवलं की ती मागे सरते. मुख्य दाराला डेडबोल्ट, म्हणजे किल्ली किंवा नॉब फिरवल्यावरच सरकणारा सरळ दांडा, हवाच, निदान 25 मिमी बाहेर येणारा. बसवल्यावर बोल्टच्या टोकाला खडू फासा, दार लावून किल्ली फिरवा. खडू पट्टीच्या काठाला लागला तर भोक सरकलंय. बोल्ट पूर्ण बाहेर येत नसेल तर आतला खड्डा उथळ आहे, पटाशीने खोल करा. अर्धवट बाहेर आलेला बोल्ट मागे ढकलता येतो.

सिलिंडरचं कुलूप असेल, म्हणजे किल्ली जाते तो भाग वेगळा काढून बदलता येत असेल, तर मापात घाई नको. मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजा. बाहेरचं टोक हँडलच्या पट्टीपुढे 3 मिमीहून जास्त आलं की पक्कडीत धरून मोडता येतं. हीच चूक सर्रास दिसते. आतून किल्लीशिवाय उघडेल असा नॉब घ्या, आग लागली तर किल्ली शोधायला वेळ नसतो. मात्र शेजारी काच असेल तर ती फोडून हात आत घालता येतो, तिथे मजबूत काच किंवा जाळी हवी.

कडी-कोयंड्याला टाळं लावायचं तर कोयंड्याचे स्क्रू कुलूप लागल्यावर झाकले जातात ना ते पाहा. उघडे राहत असतील तर पेचकसापुढे टाळं फुकट. आरपार बोल्ट आणि आतून नट हा खरा उपाय. टाळ्याचा आकडा जितका कमी उघडा तितकं बरं, कटरला पकड मिळत नाही.

बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या बाहेर असतात आणि त्यांची पिन ठोकून काढता येते. बिजागरीच्या बाजूला दारात पोलादी खुंटी आणि चौकटीत तिच्यासाठी भोक केलं, तर पिन गेली तरी दार निघत नाही. सरकत्या खिडकीच्या खाचेत काठी टाकणं पुरेसं नसतं, पल्ला वर उचलूनही निघतो. वरच्या खाचेत थोडेसे बाहेर राहणारे एक-दोन स्क्रू बसवा.

किल्ली अडखळू लागली तर खाद्यतेल घालू नका, त्यात धूळ चिकटते. चिमूटभर ग्राफाइट पावडर पुरते. आणि नव्या घरात राहायला गेलात तर जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते मोजत बसू नका, सिलिंडरच बदला.