कपड्यांच्या रिसायकलिंगचा गेम बनवताना गुण कशाला द्यायचे?

या विषयावरचे बरेच शैक्षणिक गेम एकाच साच्याचे असतात. वरून कपडे पडतात, हिरव्या डब्यात टाकले की दहा गुण. मुले पाच मिनिटांत पटाईत होतात आणि शिकतात ते इतकेच, की डब्यात टाकले म्हणजे काम झाले. वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत जातो. गेममध्ये ही गोष्ट माहितीच्या पाटीवर लिहून उपयोग नाही. मुले पाटी वाचत नाहीत, गुण वाचतात. त्यामुळे आधी गुणांचा तक्ता बसवा, चित्रे आणि आवाज नंतर.

तक्ता

पाच डबे पुरतात. ‘वापरात ठेवा’ला ६ गुण: दुरुस्ती करून घालणे किंवा दुसऱ्याला देणे. ‘पुसणी’ला ३: सुती कपड्याच्या चिंध्या. इथे पॉलिस्टर चालत नाही, कारण ते पाणी नीट शोषत नाही. ‘धागा’लाही ३: एकाच तंतूचा कपडा फाडून, पिंजून पुन्हा सूत काढणे. ‘भरण’ला १: मिश्र तंतूंचा माल, जो गाद्यांत किंवा उष्णतारोधक थरांत जातो. ‘बाद’ला ०: बुरशी लागलेले, तेलाने माखलेले कपडे.

याच्या जोडीला ‘गाठीची शुद्धता’ नावाचा आकडा ठेवा (गाठ म्हणजे ‘धागा’त जमलेल्या कपड्यांचा गठ्ठा), सुरुवात १०० पासून. बुरशीचा कपडा ‘धागा’त गेला तर ३० वजा, कारण ओल आणि बुरशी गाठीतल्या बाकी मालालाही लागते. स्पॅन्डेक्स असलेला कपडा गेला तर १५ वजा. हा रबरासारखा ताणला जाणारा तंतू पिंजताना तुटत नाही, पिंजणाऱ्या यंत्राच्या दातांना गुंडाळतो. चेन किंवा बटण न काढता टाकले तर १० वजा आणि यंत्र ५ सेकंद बंद. शुद्धता ६० च्या खाली गेली की गाठ नाकारली जाते आणि ‘धागा’चे सगळे गुण शून्य. दोन-तीन चुकांनी बरोबर टाकलेले कपडेही वाया जातात, हे व्याख्यानापेक्षा इथे लवकर कळते. हे आकडे खेळासाठी ठरवलेले आहेत, कारखान्यात मोजलेले नाहीत, एवढे मात्र मुलांना सांगा.

स्क्रॅचमध्ये बांधणी

स्क्रॅच म्हणजे मुलांसाठीचे, ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्राम बनवायचे साधन. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते, आणि इंटरनेट नसेल तर त्याचे ॲप आधी उतरवून ठेवता येते. १२ कपड्यांचा गेम पुरेसा आहे.

तीन याद्या करा: ‘कपडा’, ‘लेबल’, ‘डबा’. तिन्हीत एकाच क्रमांकावर एकाच कपड्याची माहिती हवी. एका यादीतली ओळ काढून बाकीच्या दोन तशाच ठेवल्या, तर तिथून पुढची सगळी उत्तरे एका घराने सरकतात. चौथी यादी ‘शिल्लक’: तिच्यात १ ते १२ आकडे. दर वेळी त्यातला एक आकडा यादृच्छिक निवडायचा आणि काढून टाकायचा. स्क्रॅच याद्या आणि व्हेरिएबल (गुणांसारखे बदलते आकडे) आपोआप पूर्ववत करत नाही, म्हणून हिरवा झेंडा, म्हणजे सुरू करायचे बटण, दाबल्यावर ‘शिल्लक’ पुन्हा भरणे, गुण शून्य करणे आणि शुद्धता १०० करणे हे सगळ्यांत आधी घाला. हे विसरले की दुसऱ्या जोडीला रिकामा पडदा दिसतो.

पडद्याची रुंदी ४८० एकक असते. डबे क्ष अक्षावर −१८०, −९०, ०, ९०, १८० ला आणि य −१२० ला ठेवा. कपड्याच्या स्प्राइटला (पडद्यावरच्या हलत्या चित्राला) ओढता येण्याची मुभा देणारा ब्लॉक लावा. तो नसेल तर संपादकात कपडा ओढता येतो, पण पूर्ण पडद्यावर जागचा हलत नाही, आणि हे नेमके वर्गात समजते.

कुठला डबा निवडला हे ‘स्पर्श झाला का’ने तपासू नका. रुंद बाह्यांचा शर्ट दोन डब्यांना एकदम लागतो आणि कोडमध्ये जो डबा आधी तपासला तो जिंकतो. त्याऐवजी डब्यापर्यंतचे अंतर मोजा, ४० पेक्षा कमी असेल तरच स्वीकारा. दोन डब्यांच्या मध्यांत ९० चे अंतर असल्याने गोंधळ होत नाही. अंतर मध्यबिंदूंमधले मोजले जाते, त्यामुळे प्रत्येक कॉस्च्युम (स्प्राइटचे एकेक रूप) रेखाटनाच्या पडद्यावर बरोबर मध्यात आणून ठेवा. तपासणी माउसचे बटण सोडल्यावरच करा. ओढत असतानाच तपासले, तर ‘वापरात ठेवा’कडे निघालेला शर्ट वाटेतल्या ‘भरण’मध्येच गडप होतो. जवळ एकही डबा नसेल तर कपडा मूळ जागी परत पाठवा.

लेबलसाठी वेगळा स्प्राइट करा. त्यावर टिचकी मारली की फुग्यात ‘१०० टक्के कापूस’ किंवा ‘६० टक्के कापूस, ४० टक्के पॉलिस्टर’ असे दिसावे.

कपडे कोणते घ्यायचे

खरी करामत इथे आहे. दिसायला हुबेहूब सारखे दोन जुनाट, विटलेले टी-शर्ट घ्या, एक निव्वळ सुती आणि एक मिश्र. रंग लक्षात ठेवून खेळणाऱ्याचा इथेच पाय घसरतो आणि तो लेबल उघडायला लागतो. सुती टी-शर्टसाठी ‘पुसणी’ आणि ‘धागा’ ही दोन्ही उत्तरे बरोबर धरा. बटण तुटलेला शर्ट आणि आखूड झालेला धड फ्रॉक ‘वापरात ठेवा’मध्ये. तिथे ‘धागा’ला अर्धेही गुण देऊ नका. २ टक्के स्पॅन्डेक्सची फाटकी जीन्स ‘भरण’मध्ये, तीही बटण आणि रिव्हेट काढून. फाटका लोकरी स्वेटर ‘धागा’त. लोकर पिंजून पुन्हा कातण्याचा उद्योग इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ मध्ये सुरू झाला, म्हणजे हे तंत्र प्लास्टिकपेक्षाही जुने आहे.

घड्याळ लावू नका, निदान पहिल्या फेरीत. सेकंद उलटे मोजायला लागले की लेबल वाचणे आधी बंद पडते.

वर्गातली ४५ मिनिटे

पहिली ५ मिनिटे फक्त नियम. नंतर १५ मिनिटे खेळ: एका संगणकावर दोघे, एकाकडे माउस, दुसरा लेबल मोठ्याने वाचणार, सहा कपड्यांनंतर अदलाबदल. तिघे बसवले तर तिसरा खिडकीबाहेर बघतो.

पुढची १५ मिनिटे पडद्यापासून दूर. सुमारे २० धुतलेले जुने कपडे, शिवण उसवायचे हत्यार, कात्री आणि मोजपट्टी टेबलावर ठेवा. मुलांनी लेबले वाचून खऱ्या खोक्यांत वाटणी करायची आणि एका कपड्याची बटणे, चेन काढायची. किती मिनिटे लागली ते लिहून घ्या. हाताने काढण्याचा हा वेळ म्हणजेच रिसायकलिंगचा मोठा खर्च. मग सुती कापडाचा ५ सेंटिमीटरचा चौकोन बोटांनी पार उसवून, सुताचा पीळ उलगडून तंतू मोजायला लावा. कोरा कापूस साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांबीचा असतो. इथले बरेच तंतू त्याहून तोकडे निघतील. तोकड्या तंतूचे सूत कच्चे होते, म्हणून त्यात नवा तंतू मिसळावा लागतो. गेममध्ये ‘धागा’ला ६ ऐवजी ३ गुण का, याचे उत्तर मुलांच्या बोटांत सापडते.

लेबल कापलेला कपडा हमखास निघतो. अंदाजाने ‘धागा’त टाकू देऊ नका, ‘भरण’मध्ये टाका. जाळून ओळखायची चाचणी शिक्षकानेच करावी, चिमट्यात दोन-चार सुते धरून आणि शेजारी पाणी ठेवून: कापसाला जळक्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा, आणि पॉलिस्टर वितळून कडक मणी बनते.

शेवटच्या १० मिनिटांत गेममध्ये नसलेले चार कपडे दाखवा, उदाहरणार्थ अस्तर लावलेला कोट. ‘कुठल्या डब्यात’ हे विचारण्याबरोबर ‘का’ हेही लिहून घ्या. डबा बरोबर आणि कारण ‘गेममध्ये तसे होते’ असे आले, तर पुढच्या वेळी कपड्यांची यादी बदला, डबे तेच ठेवा.