जुना व्हॉल्व्ह रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करताय? या चुका टाळा

रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून कुणीतरी लाकडी रेडिओ उचलून आणतो आणि संध्याकाळी मला फोन येतो. "काका, लावून बघितला. आधी छान वाजला, मग जळका वास आला." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहूनच ठेवतो.

घरी आणल्या आणल्या पिन खोचणं

याच्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही. चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर पडलेल्या सेटमधले फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात आणि मेणाचे पेपर कंडेन्सर ओल धरून गळके झालेले असतात.

कोथरूडहून एक इंजिनिअर मुलगा आजोबांचा सेट घेऊन आला होता. पाच व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा), आउटपुटला, म्हणजे स्पीकर हलवायला, ईएल८४ हा व्हॉल्व्ह. त्याने तो थेट २३० व्होल्टला लावला होता. दहा मिनिटं रेडिओ वाजला, घरातले सगळे भोवती जमले, आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आवाज चिरका झाला आणि मागून धूर निघाला. मी चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) बाहेर काढून मीटर लावला तेव्हा कारण सापडलं. ईएल८४ च्या ग्रिडला (जिथून आवाजाचा सिग्नल आत येतो) जोडलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गळत होता. त्याने अडवायचे ते आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे डीसी व्होल्ट ग्रिडवर आले, ईएल८४ भरमसाट करंट ओढायला लागला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं केसासारख्या तारेचं प्रायमरी वाइंडिंग जळलं. कंडेन्सर काही रुपयांचा. ट्रान्सफॉर्मर मात्र नव्याने गुंडाळून घ्यावा लागला आणि पहिला गोडवा काही परत आला नाही. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

माझी पद्धत अशी. पहिल्या दिवशी सेटला वीज दाखवायचीच नाही. धूळ काढायची, वायरी बघायच्या, उंदरांनी कुरतडलेलं कापडी इन्सुलेशन बदलायचं. मग तो ग्रिडचा कंडेन्सर आणि बाकीचे पेपर कंडेन्सर न तपासता काढून ६३० व्होल्टचे नवे लावायचे. फिल्टर कंडेन्सरही नवे, पण "मोठा घातला की गुणगुण कमी" असं करू नका. एसीचं डीसी करणाऱ्या ईझेड८० या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या लगेच पुढे ५० मायक्रोफॅरडच्या वर गेलात तर रेक्टिफायर मरतो.

त्यानंतर सिरीज बोर्ड. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये लावायचा. एलईडी इथे चालत नाही. तारेचा बल्ब तपकीर गल्लीत विचारा. आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून अर्धा तास ठेवायचं आणि मेन ट्रान्सफॉर्मर हाताला गरम लागतो का ते बघायचं. मग रेक्टिफायर बसवायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखरच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पुढे पूर्ण व्होल्टवर ईएल८४ च्या ग्रिडला मीटर लावा. अर्धा व्होल्ट जरी धन (+) दिसला तरी सेट बंद करून कारण शोधा.

काही जण म्हणतात, व्हॅरिॲकने (व्होल्ट कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्ट वाढवले की कंडेन्सर "जागे" होतात. फिल्टर कंडेन्सर कधीकधी सावरतात, पण गळका कागद कशानेही सावरत नाही. ज्याला दोन संध्याकाळी थांबता येत नाही त्याने या सेटला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रान्सफॉर्मर नसलेला सेट न ओळखणं

व्हॉल्व्हचे नंबर 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५) तर चासी थेट मेनच्या एका वायरीला जोडलेली असू शकते. पिन उलटी बसली की पूर्ण २३० व्होल्ट चासीवर. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा) नसेल तर असा सेट उघडा चालवू नका. नॉबचे स्क्रूसुद्धा मारतात.

आयएफटीचे स्क्रू फिरवणं

आवाज बारीक आला की नवशिक्याचा हात पेचकस घेऊन आयएफटीच्या, म्हणजे सेटमधल्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीला (आयएफ) जुळवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या, ॲल्युमिनियमच्या डब्यांकडे जातो. सदाशिव पेठेतल्या एका सेटचे चारही कोअर (आतले फिरते गाभे) असे फिरवलेले होते, एक आतच तुटलेला. मूळ दोष काय होता? बँड स्विचच्या काळ्या पडलेल्या पट्ट्या. दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी सिग्नल जनरेटर लावून ४५२ किलोहर्ट्झला सगळं पुन्हा जुळवण्यात माझ्या तीन रात्री गेल्या.

आयएफ आपोआप फारसं हलत नाही. आधी पुणे केंद्र शोधा: ७९२ किलोहर्ट्झ, डायलवर मीटरचे आकडे असतील तर साधारण ३७९ च्या जवळ. ते स्पष्ट लागलं तर आयएफटी विसरा. खरखर असेल तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून पुन्हा ऐका.

डायलच्या काचेला मागून पाणी किंवा क्लीनर लावू नका, अक्षरं पुसली जातात. व्हिनियरवर मशीनने पॉलिश पेपर मारू नका. व्होल्टेज सिलेक्टर ११० वर राहिलेला नाही ना, ते बघा.

लाखेच्या रेकॉर्डवर स्पिरिट

हे बघितलं की जीव तुटतो. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या लाखेच्या आहेत. फर्निचरचं पॉलिश करायला लाख ज्यात विरघळवतात तेच हे स्पिरिट. एका बाईंनी आईच्या नाट्यगीतांच्या चार तबकड्या प्रेमाने स्पिरिटने पुसल्या होत्या. चकाकी गेली, वरचे सूर गेले, राहिली ती खसखस. साधं पाणी, द्रव साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, एवढंच. लेबल कोरडं ठेवा, तबकडी भिजत घालू नका आणि लगेच टिपून घ्या.

सुईचंही तसंच. ७८ ला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, मोनो एलपीला २५ ची. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी घासत जाते. ग्रामोफोनची पोलादी पिन एलपीवर टेकवलीत तर ती एलपी संपली.

मोटर आणि थाळीच्या मधलं रबरी चाक घसरायला लागलं की लोक त्याला तेल देतात. रबराला तेल कधीच नाही, ते फक्त बेअरिंगला, एक थेंब. चाक स्पिरिटने पुसा (इथे चालतं). आणि रेकॉर्ड संपली की वेगाचा खटका शून्यावर न्या. नाहीतर चाक रात्रभर शाफ्टवर दाबून राहतं, त्याला खळगा पडतो आणि सकाळी प्रत्येक गाण्याखाली ठकठक ऐकू येते. माझ्याकडे प्लेअर झाकण्याआधी खटका बघितल्याशिवाय कुणी खोलीबाहेर जात नाही.