हेलन सुझमन यांना अभिवादन : नाशिकमध्ये सभा घ्यायची तर

पहिला घोळ तारखेचा होतो. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या खासदार सुझमन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९१७ चा, म्हणजे बऱ्याचदा दिवाळीच्या धामधुमीत. निधन १ जानेवारी २००९ चं. त्या दिवशी आपल्याकडचे निम्मे कार्यकर्ते कोरेगाव भीमाला गेलेले असतात, सभागृहात कोण येणार? १० डिसेंबर धरा. मानवी हक्क दिन तर आहेच, शिवाय १९९६ साली याच दिवशी शार्पव्हिलमध्ये मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही केली, तेव्हा सुझमन तिथे हजर होत्या. चैत्यभूमीहून मंडळी परतलेली असतात. फक्त लग्नसराई असते, म्हणून हॉल महिनाभर आधी पक्का करा.

शे-दीडशे खुर्च्यांचा हॉल पुरे. मोठं नाट्यगृह घेऊन पुढच्या चारच रांगा भरल्या की वक्त्याचा धीर खचतो. प्रतिमा १२ बाय १८ इंचांची ठेवा. मूळ फाइल किमान १८०० बाय २७०० पिक्सेलची हवी. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापला की चेहरा फुटतो. फ्लेक्सचं प्रूफ दोघांनी वाचावं, परदेशी नाव हमखास चुकतं.

एकूण वेळ नव्वद मिनिटं. सत्काराला पूर्ण काट. शाली-नारळातच अर्धा तास जातो. प्रास्ताविक पाच मिनिटांत उरका, पण त्यात एवढं यायलाच हवं: १९५३ ते १९८९ अशी ३६ वर्षं खासदार, त्यातली १९६१ ते १९७४ ही तेरा वर्षं आपल्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या एकट्या. माहिती नसलेला वक्ता दहाव्या मिनिटाला गांधी-मंडेलांवर घसरतो, म्हणून त्याला विषय नेमून द्या: १९६३ चा कायदा आणि मंडेला कैदेत होते त्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगाला १९६७ मध्ये दिलेली भेट.

कायद्याचा भाग नुसत्या भाषणाऐवजी करून दाखवा. खटल्याविना नव्वद दिवस डांबून ठेवण्याची मुभा देणारा हा कायदा. मुख्य विरोधी पक्षही सरकारच्या बाजूने गेला आणि विरोधात मत पडलं ते फक्त सुझमन यांचं. व्यासपीठावर एका बाजूला एकच खुर्ची, समोर पंधरा-वीस जण. सूत्रसंचालकाने मत पुकारावं आणि मग दहा सेकंद गप्प बसावं. पार्श्वसंगीत नको, सगळा परिणाम वाहून जातो.

टीकेलाही दहा मिनिटं ठेवा. त्या वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या आर्थिक निर्बंधांच्या विरोधात होत्या आणि त्यांचा पक्ष बरीच वर्षं शिक्षण-मालमत्तेच्या अटींवर मताधिकार मागत होता. बाबासाहेबांनी मात्र सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. काळाराम सत्याग्रहाच्या गावात हा प्रश्न श्रोत्यांतून येणारच, तेव्हा तो आपणच आधी मांडलेला बरा.

उरलेला अर्धा तास खऱ्या अभिवादनाचा. तुमच्या प्रश्नांमुळे परदेशात देशाची अडचण होते, असं एक मंत्री म्हणाले. त्यावर सुझमन यांचं उत्तर होतं, अडचण माझ्या प्रश्नांमुळे नाही, तुमच्या उत्तरांमुळे होते. तेव्हा हारांऐवजी माहिती अधिकाराचे अर्ज भरून घ्या. पाच-सहा जणांमागे एक टेबल, एक जाणता कार्यकर्ता, कोरे जोडपत्र 'अ' (अर्जाचा नमुना) आणि दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. 'का' विचारलं तर अर्ज वाया जातो, कारण नोंदीत असेल तेवढंच मिळतं. गटार सफाईच्या कामगारांना गमबूट का देत नाही, असं न लिहिता 'अमुक विभागात गेल्या आर्थिक वर्षात गमबूट व हातमोजे खरेदीची बिलं आणि वाटपाच्या नोंदवहीच्या प्रती द्याव्यात' असं लिहा. काळ आणि विभाग नसेल तर 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येतं.

अर्ज जमा करून ठेवू नका. गठ्ठा कुणाच्या तरी कपाटात पडून राहतो. ज्याचा त्याने दुसऱ्या दिवशी महापालिकेत आवक शिक्क्यानिशी द्यावा आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्यासाठी वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो.