ऑफिसच्या पॅन्ट्रीसाठी कॉफी मशीन निवडताना

कॉफी मशीनच्या माहितीपत्रकात पंपाचा दाब, पेयांची लांबलचक यादी आणि टचस्क्रीन ठळक छापलेले असतात. ऑफिसात मशीन बंद पडतं ते मात्र वेगळ्याच कारणांनी: दुधाच्या नळीत वाळलेलं दूध, बॉयलरमध्ये साचलेले क्षार, आणि 'हे रोज धुवायचं कोणी' हे कधी ठरलंच नाही म्हणून. त्यामुळे दूध, पाणी आणि साफसफाई या तिन्हींचा विचार आधी करा. मॉडेल त्यानंतर आपोआप दोन-तीनांवर येतं.

लोक नक्की काय पितात?

प्रीमिक्सची, म्हणजे दूध मिसळलेल्या चहा-कॉफीच्या तयार पावडरची व्हेंडिंग मशीन दोन, तीन किंवा चार लेनची येते. प्रत्येक लेनला पावडरचा एक कॅनिस्टर. पावडर मिक्सिंग बाउलमध्ये पडते, वरून गरम पाणी येतं, व्हिपर मोटर ती घुसळते आणि पंधरा सेकंदांत कप तयार. छोट्या कपाला १२ ते १४ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे किलोमागे ७० ते ८० कप. बहुतेक प्रीमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असते. बिनसाखरेची कॉफी पिणारे ऑफिसात असतातच, त्यांच्यासाठी एक लेन राखून ठेवायची तर दोन लेनची मशीन अपुरी पडते.

बीन-टू-कप मशीन दर कपाला बिया दळते, दाबाखाली कॉफी काढते आणि ताज्या दुधाचा फेस घालते. चव सर्वांत चांगली, देखभालही सर्वांत जास्त. कॅप्सूलचं मशीन दहा-बारा माणसांच्या ऑफिसला किंवा मीटिंग रूमला ठीक. त्यापलीकडे कॅप्सूलचा खर्च आणि कचरा दोन्ही अंगावर येतात. चौथा प्रकार डिकॉक्शन आणि गरम दुधाच्या मशीनचा. कँटीनमध्ये तो चांगला चालतो. त्यासाठी लागणारी फिल्टर कॉफीची पूड घेताना पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि प्रमाण छापणं बंधनकारक आहे. ८०:२० आणि ५३:४७ यांच्या चवीत पुष्कळ फरक पडतो.

आणि चहा? बीन-टू-कप मशीन आलं की चहाची सोय गरम पाण्याच्या नळावर आणि टी-बॅगवर ढकलली जाते. निम्मं ऑफिस त्याला चहा मानत नाही. जुनी प्रीमिक्स मशीन किंवा पॅन्ट्रीतला गॅस काढण्याची घाई करू नका.

गर्दी अर्ध्या तासात मोजा

'दिवसाला १०० कप' हा आकडा एकटा फसवा असतो. समजा ऑफिसात ८० जण आहेत, त्यांपैकी ५० जण कॉफी पितात आणि प्रत्येकी दोन कप घेतात. दिवसाचे १०० कप झाले. पण त्यातले ३० कप साडेदहा ते अकराच्या दरम्यान हवे असतात. बीन-टू-कप मशीनला कॅपुचिनोसाठी साधारण ५० सेकंद लागतात. कप ठेवणं, बटण शोधणं, साखर घालणं धरून दीड मिनिटाला एक माणूस. अर्ध्या तासात २० कप होतात आणि उरलेले दहा जण रांगेत उभे राहतात. अशा ठिकाणी मोठं एक मशीन घेण्यापेक्षा मध्यम दोन घेतलेली बरी. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं.

घरगुती बीन-टू-कप मशीन स्वस्त म्हणून ऑफिसात आणून ठेवण्याचा मोह टाळा. त्याचा बियांचा हॉपर २५०-३०० ग्रॅमचा, पाण्याची टाकी सुमारे दोन लिटरची, आणि चोथ्याचा डबा पंधरा-वीस कपांत भरतो. दर तासाला कुणीतरी पाणी भरत आणि चोथा काढत बसतं. शिवाय अशा बहुतेक मशीनची वॉरंटी व्यावसायिक वापराला लागू नसते. हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि पंप गेल्यावरच वाचलं जातं.

दूध

सगळ्यात जास्त तक्रारी इथे. भारतीय पॅन्ट्रीत दूध आलं की आधी तापवलं जातं. तेच दूध फेसाच्या मशीनला लावलं की सायीचे तंतू शोषनळीत अडकतात आणि फेस यायचा थांबतो. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, ते न तापवता फ्रिजमधून ४-५ अंश सेल्सिअसला थेट वापरायचं. तापवलेलंच वापरायचं असेल तर पूर्ण थंड करून गाळून घ्या.

टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के. टोन्डचा फेस हलका आणि उंच येतो. फुल क्रीमचा दाट, पण नळीत चिकट थर लवकर बसतो. ऑफिससाठी टोन्ड किंवा ४.५ टक्क्यांचं स्टँडर्डाइज्ड दूध सोयीचं.

मशीन पाहताना दुधाचा मार्ग शोधा. नळी किती लांब आहे, हाताने सुटते का, फेस करणारा भाग किती तुकड्यांत उघडतो, आणि प्रत्येक कपानंतर मशीन स्वतः गरम पाण्याने नळी धुतं का? फेसाच्या भागात हवा ओढणारं एक बारीक छिद्र असतं. त्यात दूध वाळलं की फेस जातो, नुसतं दूध फुर्र करत उडतं आणि लोक म्हणतात मशीन बिघडलं. सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी ते छिद्र मशीनसोबत आलेल्या बारीक ब्रशने किंवा सुईने साफ करून बघा.

दूध उघड्या जगमध्ये मशीनशेजारी ठेवू नका. मे महिन्यात एसी बंद असलेल्या पॅन्ट्रीत दोन तासांत त्याचं काय होतं ते सांगायला नको. मशीनला लागून छोटा मिल्क फ्रिज घ्या, नाहीतर दर तासाला भांडं बदला.

दुसरी नेहमीची कुरकुर 'कॉफी कोमट आहे' ही. मशीनचा फेस साधारण ६० ते ६५ अंशांवर येतो, त्याच्यावर गेला की फेस मोडतो आणि दुधाला उकळल्याची चव येते. आपल्याकडे मात्र कॉफी कडकडीत हवी असते. जाड सिरॅमिकचा थंड मग आणखी पाच-सात अंश खातो. कप गरम ठेवणारा ट्रे, किंवा निदान मग गरम पाण्याने विसळून घेणं, याने बरीच तक्रार मिटते. काही मशीनमध्ये दुधाचं तापमान मेन्यूतून वाढवता येतं. डेमोच्या वेळीच ते विचारा.

रोज दूध हाताळणं जमणार नसेल तर दुधाची पावडर वापरणारं बीन-टू-कप मशीन हा मधला मार्ग आहे. बिया ताज्या दळल्या जातात, दूध कॅनिस्टरमधून येतं. चव थोडी उतरते. पण न धुतलेल्या नळीतल्या ताज्या दुधापेक्षा ते कितीतरी चांगलं.

पाणी

मुंबईला तलावांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी पालिकेकडून येतं तेव्हा ते बऱ्यापैकी मृदू असतं. त्याच शहरांच्या कडेच्या आयटी पार्कांत आणि औद्योगिक वसाहतींत टँकरचं किंवा बोअरचं पाणी आलं की गणित बदलतं. मागच्या ऑफिसात चार वर्षं चाललेलं मशीन नव्या जागेत सहा महिन्यांत क्षारांनी तुंबू शकतं. म्हणून पत्ता बदलला की पाणी पुन्हा तपासा.

कॉफीसाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या एकूण घटकांचा आकडा, ७५ ते २५० पीपीएमच्या दरम्यान असावा, १५० च्या आसपास असेल तर उत्तम. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, पण तो एकूण विरघळलेले घटक सांगतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही. त्यासाठी मशीनसोबत येणारी कठीणपणाची पट्टी पाण्यात बुडवा आणि आलेला आकडा मेन्यूत भरा. 'डीस्केल करा' (साचलेले क्षार काढा) हा संदेश कधी द्यायचा, हे मशीन त्या आकड्यावरून आणि वापरलेल्या लिटरवरून ठरवतं. कारखान्यातला मूळ आकडा तसाच ठेवला तर संदेश फार उशिरा येतो किंवा उगाच येत राहतो.

आरओचं पाणी हा उपाय वाटतो, पण टीडीएस २०-३० वर गेला की नवी अडचण येते. अनेक मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखणारा प्रोब पाण्यातून वाहणाऱ्या विजेवर चालतो. क्षारच नसतील तर टाकी भरलेली असूनही 'पाणी संपलं' असा संदेश येतो. चवही सपक लागते. आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो ८० ते १५० च्या दरम्यान लावून घ्या.

वीस लिटरच्या जारवर मशीन चालवायचं असेल तर जार रिकामा झाल्यावर पंप आपोआप थांबतो का ते पाहा. कोरडा चालला की पंप जळतो. थेट नळजोडणी असेल तर मशीनजवळ हाताला येईल असा कॉक हवाच आणि शुक्रवारी संध्याकाळी तो बंद करायची सवय हवी. शनिवार-रविवारी सुटलेला पाइप थेट खालच्या मजल्यावरच्यांना कळतो.

डीस्केलिंगसाठी कंपनीचं द्रावण किंवा सायट्रिक अ‍ॅसिडवर आधारलेलं द्रव वापरा. व्हिनेगरने रबरी सील खराब होतात आणि वास रेंगाळतो. हे काम अर्धा-पाऊण तास सलग चालतं, मध्येच वीज गेली तर बहुतेक मशीन पुन्हा सुरुवातीपासून करायला लावतात. डीस्केलर फक्त क्षार काढतो. दुधाच्या थराला अल्कलाइन क्लीनर लागतो आणि ब्रू ग्रुपमधल्या, म्हणजे जिथे पुडीतून कॉफी काढली जाते त्या भागातल्या, कॉफीच्या तेलाला वेगळी गोळी. तिन्हींवर मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठ्या लावा, नाहीतर एकानेच सगळं धुतलं जातं.

वीज

घरगुती मशीन सुमारे १,४५० वॉट घेतं, व्यावसायिक २ ते ३ किलोवॉट. त्यासाठी १६ अ‍ॅम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं. मायक्रोवेव्ह आणि मशीन एकाच एक्स्टेंशनवर लावलं तर जेवणाच्या सुट्टीत एमसीबी पडणारच. साडेतीन किलोवॉटच्या वरचं मशीन साध्या प्लगवर चालत नाही.

आतली रचना

१५ बार, १९ बार हा पंपाचा कमाल दाब असतो. एस्प्रेसो निघतो ९ बारच्या आसपास. त्यामुळे १९ बारचं मशीन १५ बारच्यापेक्षा चांगलं, असं मुळीच नाही. त्याऐवजी ब्रू चेंबरमध्ये किती ग्रॅम पूड मावते ते विचारा. १०० मि.ली. दूध घातलेल्या कपाला ९-१० ग्रॅम तरी हवी. मोठ्या मगला ७ ग्रॅम पुडीची कॉफी पाणचट लागते, मग लोक दोनदा बटण दाबतात.

ब्रू ग्रुप बाहेर निघणारा असेल तर आठवड्यातून एकदा साबण न लावता नळाखाली धुता येतो. त्याच्या ओ-रिंगांना (रबरी कड्यांना) महिन्याने फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावलं की कुरकुर थांबते. आतच बसवलेला असेल तर सगळी भिस्त गोळीवर. हौसेने सांभाळणारा माणूस नसेल तर दुसरा प्रकार बरा, कारण काढलेला ग्रुप चुकीचा बसवला की मशीन सुरूच होत नाही.

बिया मध्यम भाजलेल्या घ्या. काळ्याभोर, तेलकट बिया हॉपरच्या उताराला चिकटतात आणि ग्राइंडर रिकामाच फिरतो. साखर किंवा फ्लेवर चढवलेल्या बिया कधीच घालू नका. दळण्याची जाडी ग्राइंडर चालू असतानाच आणि एका वेळी एकच खाच बदला.

प्रीमिक्स मशीनची पावसाळ्यातली दुखणी निराळी. बाउलमधली वाफ कॅनिस्टरच्या तोंडाशी पोहोचली की पावडरचे गोळे होतात आणि कप पांढरट पाण्याने भरतो. ही वाफ बाहेर ओढायला मागे छोटा पंखा असतो. तो फिरतोय ना ते आधी पाहा. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कॅनिस्टरमध्ये एका दिवसाचीच पावडर भरा. मिक्सिंग बाउल आणि व्हिपर रोज संध्याकाळी काढून धुवायचे, आणि पूर्ण कोरडे करूनच बसवायचे.

डेमो

डेमो विक्रेत्याच्या शोरूममध्ये घेऊ नका, आपल्या पॅन्ट्रीत, आपल्या पाण्यावर आणि आपल्या दुधावर घ्या. लागोपाठ दहा कॅपुचिनो काढा. पहिल्या आणि दहाव्या कपाचं वजन आणि तापमान घ्या. फरक जास्त असेल तर बॉयलर लहान आहे. मग मशीन ज्या व्यक्तीच्या हाती राहणार आहे, पॅन्ट्रीतले दादा असोत की हाउसकीपिंगच्या मावशी, त्यांना विक्रेत्याच्या मदतीशिवाय संपूर्ण साफसफाई करायला सांगा. पंधरा मिनिटांच्या वर लागत असतील तर ती रोज होणार नाही. स्क्रीनवर मराठी किंवा हिंदी आहे का, निदान चित्रं कळतात का, हेही त्याच वेळी लक्षात येतं.

पैसे आणि करार

हिशोब कपामागे करा. बिया १,२०० रुपये किलो धरल्या तर ९ ग्रॅमचे सुमारे ११ रुपये. दूध ७० रुपये लिटर धरून ११० मि.ली.चे जवळपास ८. गोळ्या, फिल्टर, साखर यांचे दीड-दोन. दीड लाखाचं मशीन चार वर्षं, महिन्याला २२ दिवस, रोज १०० कप चाललं तर त्याची किंमत कपामागे दीड रुपयाच्या आत बसते. रोज २० च कप निघाले तर तीच सात रुपयांवर जाते. वापर कमी असेल तर भाड्याचं किंवा कॅप्सूलचं मशीन परवडतं ते यामुळे.

'मशीन फुकट, फक्त प्रीमिक्स आमच्याकडून घ्या' या प्रस्तावात महिन्याची किमान खरेदी किती, मुदत किती वर्षांची आणि अनामत कधी परत मिळते, हे लेखी घ्या. दिवाळीच्या आठवड्यात किंवा लोक घरून काम करत असतानाही किमान खरेदी लागू राहते का, तेही विचारा. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) सुटे भाग धरले आहेत की फक्त मजुरी ते पाहा. क्षारांमुळे झालेला बिघाड आणि ग्राइंडरच्या पात्या बहुतेक करारांत वगळलेल्या असतात. तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, आणि दुरुस्तीला दोन दिवसांपेक्षा जास्त लागले तर बदली मशीन मिळणार का, हे सही करण्यापूर्वी करारात लिहून घ्या.